घर तुजाच हाय, काशे

गावात कुणाची हळद ठरली की पहिला फोन मंडपवाल्याला जातो, दुसरा डीजेवाल्याला आणि तिसरा काशीला. जुईनगर स्टेशनच्या पलीकडचं हे गाव. चहूबाजूंनी सेक्टर उभे राहिले, शेतं गेली, मिठागरं गेली, पण हळदीचं जेवण काही बदललं नाही. मटण आणि तांदळाची भाकरी. मटण कुणीही शिजवेल, भाकरी मात्र काशीच्याच हातची हवी. उकड गरम असतानाच मळायची, पाण्याच्या हाताने थापायची आणि तव्यावर टाकली की ती अशी फुगली पाहिजे की शेजारच्या चुलीवरच्या बाईने मान वळवून बघावं.

काशी चाळिशी ओलांडलेली, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. तिचा नवरा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर चालवायचा. तिथेच अपघातात गेला. मुलगी उन्नती तेव्हा दुसरीत होती. दिवसकार्य झालं त्याच संध्याकाळी काशीचा मोठा भाऊ पंढरी टेम्पो घेऊन उरणला गेला आणि दोघींना सामानासकट घेऊन आला. सासरच्यांनी अडवलं नाही. पंढरीने कुणाला विचारलंही नाही.

वडिलांच्या जुन्या घराच्या जागेवर पंढरीने चार मजली इमारत बांधली होती. नाव ‘मारोती स्मृती’. वरच्या मजल्यावर तो स्वतः राहायचा, खाली सगळे भाडेकरू. जिन्याखालची खोली त्याने बहिणीला दिली. किल्ली हातात ठेवताना म्हणाला, “घर तुजाच हाय, काशे. कोन काय बोलला तर मना सांग.”

ते वाक्य तो पुढे अनेकदा बोलला. मनापासून बोलायचा. आणि काशीही मनापासून ऐकायची. वर कुणाचं बारसं असो, साखरपुडा असो, गौरी असोत, काशीची चूल आधी पेटायची. बाहेरच्यांच्या ऑर्डरचे ती पैसे घ्यायची, वरच्यांचे कधी नाही. भावाच्या घरी भाकरी थापल्या म्हणून कुणी पैसे मागतं का?

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तोवर उन्नती बारावी झाली, सीईटीत चांगले मार्क पाडले आणि ऐरोलीच्या बाजूला एका कॉलेजात इंजिनिअरिंगला लागली. इन्स्ट्रुमेंटेशन. गावात कुणाला तो शब्द धड म्हणता येईना. पंढरीला आला. त्याने तो पाठच केला, आणि चौकात भला मोठा बॅनर लावला. मध्ये उन्नतीचा फोटो, बाजूला त्याहून मोठा त्याचा, गळ्यात सोन्याचा गोफ, पाठीमागे ‘मारोती स्मृती’ची पूर्ण इमारत, रोषणाईसकट. खाली मोठ्या अक्षरांत ‘सुप्रसिद्ध बांधकाम व्यावसायिक पंढरीशेठ यांच्या घराण्यातील पहिली इंजिनिअर’.

“मामा, अजून झाले नाही मी इंजिनिअर,” उन्नती म्हणाली.

“होशील ना! बॅनर काय परत परत लावाचा?”

फीचा प्रश्न उन्नतीने आपल्यापुरता सोडवला होता. सरकारी शिष्यवृत्ती होती. जातीचा दाखला होता, बाकीचे कागद होते, फक्त आईचा उत्पन्नाचा दाखला नव्याने काढायचा होता. तिने सेतू केंद्रात अर्ज केला आणि कॉलेजला लिहून दिलं की दाखला आला की पोर्टलवर फॉर्म भरते. कॉलेजने तेवढ्यावर तात्पुरता प्रवेश दिला. मुदतीत फॉर्म भरला नाही तर पूर्ण फी भरायची, नाहीतर जागा सोडायची.

मग एके दिवशी तलाठी मॅडम चौकशीला आल्या. स्कूटर चौकात लावली, बॅनर पाहिला, त्यावरची इमारत पाहिली, आणि तीच इमारत समोर पाहिली. जिन्याखालच्या खोलीत आल्या तेव्हाच त्यांचं मत ठरलेलं होतं.

“पंढरीशेठ तुमचे कोण?”

“दादूस माजा,” काशी म्हणाली. “भाऊ.”

“बिल्डर ना ते?”

“मामा आहेत, बिल्डर पण आहेत,” उन्नती मध्येच बोलली. “पण फॉर्ममध्ये मामाचा रकाना नाही, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. “तो नाही. पण घराचा आहे. ही इमारत तुमच्या वडिलांच्या जागेवर आहे ना, काशीबाई? म्हणजे तुम्ही वारस. मग मालक आहात का?”

काशीने मान हलवली. नाही.

“भाडं भरता?”

पुन्हा नाही.

“मालक नाही, भाडेकरू नाही. मग तुम्ही इथे कोण?”

इतकी वर्षं त्या खोलीत राहूनही हा प्रश्न काशीला कुणी विचारला नव्हता.

अर्ज फेटाळला गेला. शेरा असा होता: अर्जदार वडिलोपार्जित चार मजली इमारतीत वास्तव्यास, भाड्याचे उत्पन्न अर्जात दाखविलेले नाही. उन्नती त्या शेऱ्यावर दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी ती शांत डोक्याने तलाठी कार्यालयात गेली आणि विचारून आली. आईचा इमारतीत हिस्सा नाही हे दाखवा, अर्ज पुन्हा घेऊ. बस, एवढंच.

आणि ते दाखवायला कागद होता. लग्नानंतर काशीने हक्कसोड केली होती. वडिलांच्या जागेतला आपला हिस्सा बहिणींनी भावाला सोडून द्यायचा, ही रीतच. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही असं गावात म्हणतात. काशीने स्टॅम्पपेपरवर सही केली, पंढरीने साडी नेसवली, बोकड कापला. नोंदणी करायला कुणाला सुचलं नाही. कागद पंढरीच्या कपाटात गेला.

काशी वर गेली. पंढरी सोफ्यावर पाय घेऊन बसला होता. वैजयंती, त्याची बायको, मुलगा कुंदनच्या लग्नाच्या पत्रिका मोजत होती.

“दादूस, त्यो हक्कसोडीचा कागद मना दे. नायतर तसा लिहून दे. माजा हिस्सा नाय म्हनून.”

पंढरीने टीव्हीचा आवाज बंद केला. “कनाला?”

काशीने सांगितलं.

“येडी का काय तू? कागदाला हात लावाचा नाय. आपली बिल्डिंग गावठानातली, बिनपरवानगीची. एक कागद सरकारी हापिसान गेला की दहा कागद मागतात. आनि दुसरा सांग, माज्या घरातना गरिबीचा दाखला जानार? चौकात बॅनर लावलाय मी. गावान तोंड कसा दाखवू?”

“पोरीची फी...”

“फी मी भरतंय! मामा मेलाय काय तिचा? चारी वर्सांची भरतंय. संध्याकाली माज्या हापिसान बसंल, बुकिंगचा कॉम्प्युटर बगंल. आपलीच पोर हाय. आनि बोललू ना तुना, घर तुजाच हाय.”

वैजयंतीनेही मान डोलावली. “पोरीला लांब नोकरी शोधायला नको. घरचंच काम.”

दुसरी एखादी बाई तिथेच भावाच्या पाया पडली असती. काशीही आधी सुटकेचा निःश्वास टाकून जिना उतरू लागली. पण मधल्या मजल्यावर ती थांबली. संध्याकाळी ऑफिसात बसेल. घरचंच काम. तिला स्वतःचा तवा आठवला. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत किती होते, हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ती किंमत भरली होती आणि तक्रार केली नव्हती. पण तीच किंमत उन्नतीने भरायची?

खाली येऊन ती उन्नतीला म्हणाली, “मामा फी भरतो बोलतो.”

“मला मामाची फी नको, आये. मला माझी शिष्यवृत्ती पायजे.”

“मना पन तीच पायजे,” काशी म्हणाली.

मोठी ऑर्डर असली की काशीसोबत भाकऱ्या थापायला शर्मिला यायची. सेक्टरातल्या एका खोलीच्या घरात राहणारी, मूळची लातूरकडची. ज्वारीच्या भाकरीचा हात असलेली, तांदळाची काशीकडून शिकलेली. तिच्या धम्मपालने शिष्यवृत्तीवर फार्मसी केली होती. काशीने तिला सगळं सांगितलं, आवाज खाली करून, कुणी ऐकू नये असं.

“हळू कशाला बोलता ओ काशीताई?” शर्मिला म्हणाली. “चोरी केली का?”

“तसा नाय गो. लोक बोलतात. दाखला काढते, भीक मागते.”

“भीक? आमच्याकडं स्कॉलरशिप मंजूर झाली की पेढे वाटतेत. ती भीक नसती, हक्क असतो. आमच्या बापजाद्यांनी भांडून घेतलाय. तुमच्या लोकान्ला जमिनी होत्या म्हणून तुमाला मागायची लाज वाटती. आता जमिनी हायत का? तुमची हाय का?”

“नाय.”

“मग लाज कशाची धरून बसलाव? धम्मपालच्या वेळंला आमचा पन कागद अडला होता. तलाठ्यानं पंचनामा केला. पाच शेजाऱ्यांनी जबाब दिले, झालं काम. कागद नसला तर माणसं लागतेत. तुमाला माणसं नाहीत का?”

उन्नतीने कार्यालयात जाऊन खात्री केली. खरं होतं. इमारतीत हिस्सा नाही हे ठाऊक असलेल्या पाच स्थानिक पंचांनी जबाब दिले, तर मॅडम पुन्हा चौकशी करणार होत्या. त्या शुक्रवारी येणार होत्या. शनिवारी फॉर्मची मुदत संपत होती.

काशीने दारं ठोठावली. गावातले जाणते पुरुष, वडिलांचे मित्र, चुलत चुलते. प्रत्येकाला हक्कसोडीचं माहीत होतं, बोकडाचं जेवण तर सगळेच जेवले होते. पण पंढरीशेठच्या घरच्या भानगडीत कोण पडणार? एकाने तर समजूत घातली, “काशे, मामा फी भरतोय तर भरू दे ना. देवमानूस हाय तुजा भाऊ.” दुसऱ्याला त्या वेळचं काही आठवेना. बोकड मात्र आठवला.

त्या आठवड्यात बुधवारी कुंदनची हळद होती. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत चुली मांडल्या होत्या. काशी, शर्मिला, सत्तरीची ठमाआजी आणि गावातल्या आणखी चार जणी उकड काढून बसल्या होत्या. पुढे मंडपात डीजे दणाणत होता. पंढरी पाहुण्यांना घेऊन चुलींपाशी आला. आपल्याकडचं सगळं दाखवायची त्याला हौस होती.

“ही आमची काशी. अशी भाकरी सगल्या नवी मुंबईन भेटनार नाय! पैसा घेत नाय कदी. घ्यावाचा कनाला? घर तिचाच हाय!”

पाहुणे कौतुकाने हसले. काशीच्या हातात गोळा होता. तो तिने परातीत ठेवला आणि हात पदराला पुसले. हे काही ठरवून आली नव्हती ती. पण ते वाक्य त्या दिवशी तिच्या कानाला चालेना.

“घर माजा हाय ना, दादूस?”

“मंग? कोन नाय बोलला?”

“माजाच हाय तर एक मजला माज्या नावावर कर. तिसरा कर. भाडा येल, त्यातना मी उन्नतीची फी भरतंय. तुना तरास नको.”

पंढरी हसला. मग त्याला कळलं की ती हसत नाहीये. पाहुणे बघत होते. डीजेचं गाणं नेमकं त्याच वेळी संपलं.

“काशे, आज हलद हाय. नंतर बोलू.”

“नंतर कवा? आथा बोल. माजा हाय का नाय?”

“नाय!” पंढरीचा चेहरा लालबुंद झाला. “एक वीट पन नाय तुजी! सही करून दिलीस तू, सगल्या गावाला ठाव हाय! उपकार म्हनून ठेवलाय तुना!”

काशीचे डोळे भरले. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने मनाच्या तळाशी कधीतरी ऐकलं होतं, कानाने आज पहिल्यांदा ऐकलं. ते दुखलं. पण त्या दुखण्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर आलं.

“ह्याच,” ती म्हणाली. “ह्याच लिहून दे. दोन आठवडे ह्याच मागतंय मी तुज्याकर.”

पंढरीला क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा तो पाहुण्यांना घेऊन वळला. जाता जाता ओरडला, “आनि भाकऱ्या?”

“भाकऱ्या होतील,” काशी म्हणाली. “तुजी अब्रू नाय घालवाची मना. पन बहीन म्हनून नाय थापत आज. ऑर्डर म्हनून थापतंय. जो रेट गावाला त्योच तुना.”

ती खाली बसली आणि गोळा उचलला. पहिली भाकरी वाकडी झाली. शर्मिलाने ती हळूच आपल्या परातीत सरकवली.

“आता त्यान्नी लिहून द्यायला कशाला पायजे?” शर्मिला बाकीच्यांकडे बघत म्हणाली. “तुमी ऐकलं न्हवं? शुक्रवारी तलाठी मॅडम जबाब घ्यायला येतेत. मी सेक्टरातली, माझा चालायचा नाही. तुमी गावच्या. तुमी पाच जणी हायसा.”

कुणी वर बघेना. त्यातल्या दोघींचे नवरे पंढरीच्या सायटीवर होते. एकीची खोली त्याच्याच चाळीत होती.

“आमी बायका,” त्यातली एक पुटपुटली. “बायका कवा पंच झाल्यात?”

ठमाआजीने भाकरी उलटली. तिने काशीच्या आईसोबत मिठागरावर काम केलं होतं. “मी पंधरा वर्सांची असताना माजी हक्कसोड झाली,” ती म्हणाली. “माजी साडी पन नवी नवती. तुजी कवा झाली गो? आनि तुजी?”

चुलींभोवती एकेक जण बोलू लागली. कुणाला भांडं मिळालं होतं, कुणाला नुसतं जेवण. कुणाच्या भावाच्या जागेवर आता सहा मजले होते. बोलता बोलता भाकऱ्यांचा ढीग वाढत गेला. शेवटची भाकरी उतरवून ठमाआजी म्हणाली, “शुक्रवारी मी येतंय. ज्यांना भ्याव वाटतो त्यांनी घरी बसा.”

शुक्रवारी तलाठी मॅडम आल्या तेव्हा जिन्याखालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाचही जणी आल्या होत्या, लग्नातली लुगडी नेसून, केसात गजरे माळून. मॅडमनी आजूबाजूला पाहिलं.

“पंच कुठे आहेत?”

“ह्या काय,” उन्नती म्हणाली.

“सगळ्या बायकाच? पुरुष कुणी नाही? हे ऐकायला पुरुष नव्हते का तिथे?”

“पुरुष जेवाला होते, मॅडम,” ठमाआजी म्हणाली. “ऐकाला आमीच होतो.”

या वेळी मॅडम हसल्या. त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि एकीएकीला विचारायला घेतलं. नाव, वय, किती वर्षं गावात. हक्कसोड झाल्याचं माहीत आहे का? आहे. कसं? जेवायला होतो. बुधवारी भाऊ काय म्हणाले? पाच जणींनी पाच तऱ्हेने सांगितलं, पण वीट सगळ्यांच्या जबाबात होती. चाळीत राहणारीने पेन धरलं तेव्हा बाहेर जिन्यावर पावलं वाजली. पंढरी दारात उभा होता.

त्याने खोलीभर पाहिलं. गजरे पाहिले. मॅडमनी विचारलं, “शेठ, तुम्हाला यातलं काही खोटं आहे असं म्हणायचं आहे का?”

खोटं म्हणावं तर बहीण मालकीण होत होती. खरं म्हणावं तर चौकातल्या बॅनरचं काय? त्याने दाराची चौकट धरली.

“खराच हाय,” तो अखेर म्हणाला. मग काशीकडे न बघता, “मना विचारला असतास तर...”

“विचारला होता, दादूस,” काशी म्हणाली.

तो वर गेला. चाळीतली बाई सही करून मोकळी झाली. ठमाआजीने अंगठा दिला आणि शाई काशीच्याच पदराला पुसली.

शुक्रवारी संध्याकाळीच दाखल्यावर सही झाली, शनिवारी सकाळी तो हातात आला. सेतू केंद्रातूनच उन्नतीने तो पोर्टलवर चढवला. मधेच साइट अडकली तेव्हा तिने अशा शिव्या दिल्या की केंद्रातला मुलगा दचकला. मग ती आईला घेऊन प्रिंट द्यायला कॉलेजात गेली. काशी कॉलेजच्या फाटकातून आत पहिल्यांदाच जात होती. खिडकीमागच्या क्लार्कने सगळे कागद उलटून पाहिले, मूळ दाखला तपासला, शिक्का मारला आणि पावती सरकवली.

“झालं. फी लागणार नाही. पण बघा हां, हे एकाच वर्षाचं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा दाखला, पुन्हा चौकशी, पुन्हा फॉर्म.”

उन्नतीचा चेहरा पडला. तिला चार वर्षं दिसली, प्रत्येक वर्षी मामाच्या दारातली.

काशीने पावती घडी करून ब्लाउजात ठेवली. “किती वाजता उघडतो तुमचा हापिस?” तिने क्लार्कला विचारलं.

“दहाला.”

“बरा. पुढच्या वर्सी साडेनवाला येतंय,” ती म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवर थाप मारून जिन्याकडे निघाली. “चल. तुजा वर्ग कनचा, दाखव मना.”